रिकामा रकाना

संख्याशास्त्राचे सर दिवाळीआधी बदलून कुडाळला गेले,
फळ्यावर अर्धी घंटा तशीच ठेवून,
आणि खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात : प्रसामान्य वि

कणकवलीच्या क्लासची फी अठरा हजार.
एसटीचा पास वेगळा.
पप्पांनी जाळं शिवता शिवता आकडा ऐकला,
दोरा दातांनी तोडला, म्हणाले,
"बंदरावरचो कोयंडो आसा ना. जन्मभर मासेच मोजल्यान."

कोयंडेकाका मास्तर नव्हतेच.
मत्स्य खात्यात तीस वर्षं नमुने घ्यायचे.
देवगड बंदरात सांजेला होड्या लागल्या
की दर दहावी होडी पकडायची, एक पाटी उलथायची,
बांगडे एकेक करून पट्टीवर निजवायचे :
लांबी, वजन, पोटात गाबोळी आहे की नाही.
बर्फ वितळतंय म्हणून तांडेल शिव्या देणार,
त्या फक्त लिहून ठेवायच्या नाहीत.

पहिल्या रविवारी पुस्तक उघडलंच नाही.
"तुमच्याकडे बांगडो केवढो येता?"
मी हात दाखवला. एवढा.
"आणि कधी कधी?"
मी हात जरा लांबवला, मग जरा आखडला.
ते कधी कधी म्हणजेच प्रमाण विचलन,
हे मला तिसऱ्या रविवारी समजलं,
तेही घरी, नळावर मासे धुताना.

"पण फरकाचा वर्ग कशाला करायचा काका?
नुसती बेरीज करू या की."
"कर."
केली. शून्य आलं. पुन्हा केली. शून्यच.
"चार दिवस भरपूर, चार दिवस उपास,
बेरजेत एकमेकांक खावन टाकतत.
पण उपाशी ऱ्हवलेलो इसारता काय?"

फी म्हणून पप्पा पिशवी द्यायचे.
काका आधी मोजायचे, मग एक मासा परत घालायचे :
सरासरीच्या वर गेले म्हणून.
काकी आतून म्हणायच्या, पुरे ती सरासरी,
पाव्हणे येणार आहेत.

जानेवारीत त्यांनी जुनी वही काढली,
पानं खाऱ्या हवेने पापडासारखी झालेली.
म्हणाले, पुस्तकातली गणितं गुळगुळीत असतात,
ह्यातली सोडव.
मी सोडवत गेले. नोव्हेंबर, तारीख सोळा,
सातव्या ओळीत होडीचा नंबर, पुढे काहीच नाही.
"काका, इथे शून्य घालायचं राहिलंय."

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता धरून बसले.
"शून्य म्हणजे गेली, जाळा टाकल्यान,
काय गावूक नाय, परत इली.
शून्यासाठी घराकडे कोणीतरी पान वाढता.
जी इलीच नाय, तिका शून्य कसा लिवू?"

रत्नागिरीच्या ऑफिसातून ती वही
दोनदा लाल पेन्सिलीची खूण होऊन परत आलेली.
खुणा अजून आहेत, फिकट, गुलाबीसर.
रकाना रिकामाच.

होडी कोणाची, मी विचारलं नाही.
बंदरावर विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं.

पूर्वपरीक्षेत ऐंशीपैकी सत्तेचाळीस.
समाश्रयणाच्या दोन रेषा मी अजूनही उलट्या काढते,
य वरून क्ष की क्ष वरून य,
काका म्हणतात, भरती बघून ओहोटी ओळखायची
की ओहोटी बघून भरती, आधी ते ठरव.
मला अजून ठरवता येत नाही.

बोर्डाच्या पेपरात चौथा प्रश्न :
खालील सारणीतील गहाळ वारंवारता काढा.
माध्य दिलेलं, बाकी सगळं दिलेलं,
मध्ये एक चौकोन, कोरा.
तीन मिनिटांत उत्तर आलं, चौदा,
पडताळाही बरोबर.
लिहिताना पेन जरा थांबलं, एवढंच.
शेजारच्या बाकावरचा तोरसकर माझ्याकडे बघत होता,
त्याला वाटलं मला येत नाही.

संध्याकाळी काकांना सांगितलं.
"पेपरातला गावता," ते म्हणाले,
"गावता ता भरूचा. त्यात काय वायट नाय."
मग पिशवी सोडली,
ओठ हलवत मोजत गेले,
आणि एक बांगडा माझ्या हातात परत दिला.