कर्मणी प्रयोग

जनरल शृंगारपुऱ्यांना मी वर्षातून दोनदा आंघोळ घालते.
एकदा जयंतीला, एकदा कुणी मंत्री येणार असला की.
पाइप उद्यान विभागाचा, साबण माझ्या घरचा,
कारण ठेकेदाराच्या पावडरीनं ब्राँझ हिरवं पडतं.

आधी कबुतरांचं. मग टोपी, मग मिशा,
मग तो उजवा पाय, जरा आखूड ओतलेला.
शिल्पकाराची चूक, म्हणतात लोक.
चूक नाही. पाय तसाच होता.
तो माझ्या बापाच्या कमरेवर आपटत आला होता
अकरा तास, बर्फातून खाली.

जोमा मढवी, शिपाई, राहणार करावे.
भरतीला ज्याची जमीन पाण्याखाली जायची
त्याला सोळा हजार फुटांवर नेऊन ठेवलेला.
मिठाची टोपली डोक्यावर घेतली की मागं बघायचं नाय,
एवढंच त्याचं प्रशिक्षण.
साहेब टोपलीपेक्षा थोडा जड.
बोलत राहा, बापूस म्हणाला, झोपलास त मेलास.
म्हणून त्या कोवळ्या कप्तानानं वाटभर
आईच्या हातच्या निनावाची कृती सांगितली,
शेगडीपासून.

चौथऱ्याच्या दगडावर खालून पांढरं चढतं.
दर हिवाळ्यात खरवडतात, रंग लावतात, पुन्हा चढतं.
जीभ लावून बघितलंय मी.
इथं आमची सातवी कोंडी होती, उघाडीच्या अंगाला.

साहेब पुढं जनरल झाले, मग खासदार, मग मंत्री.
दोन देशांमधली एक रेघ त्यांनी
गोळी न झाडता, टेबलावर बसून आखली
असं पाटीवर कोरलंय. ते खरंच असावं.
बापूस हॉटेलात कुणाला त्यांच्याविरुद्ध बोलू द्यायचा नाही.
नोटिशीखाली त्यांची सही आली तेव्हासुद्धा.

'त्यो माना वलखील,' असं सांगून घरून निघालेला.
बेलापूरच्या ऑफिसात सातबारा घेऊन रांगेत.
साहेब काठी टेकत आले, आणि ओळखलं त्यांनी.
खुर्ची मागवली. चहा मागवला.
म्हणाले, जोमा, ही टेकडीही घ्यावीच लागणार.
'साहेब, टेकडी वर असते. आमी त खालीच हाव.'
दोघं हसले म्हणे, बराच वेळ.
दर एका पैशानं वाढला नाही.

त्यांचं आत्मचरित्र मी वाचनालयातून आणलं,
चारशे अकरा पानं, बापाला वाचून दाखवायला.
नव्वदाव्या पानावर तो बर्फ सापडला:
'जखमी अवस्थेत मला खाली आणण्यात आले.'
पुढं? बापूस म्हणाला.
पुढं इस्पितळ.
परत वाच.
मी परत वाचलं.

दहावीला खोपकरबाई शिकवायच्या:
कर्ता माहीत नसेल, किंवा सांगायचा नसेल,
किंवा सांगायची गरज नसेल, तेव्हा कर्मणी.
ट्रंकेतली नोटीस काढून बघितली त्या रात्री.
'जमीन संपादित करण्यात येत आहे.'
नोटिशीवर हातही त्यांचाच, पुस्तकावरही.
पण एकात तो लपवलाय, आणि दुसऱ्यात
लपवला तो आमचा.

हे मी बापाला सांगितलं नाही.
तो तसाही वेगळंच शोधत होता.
'निनावाचं लिवलंय का?'
सगळं पुस्तक चाळलं. नव्हतं कुठंच.
तर तो खूश झाला. म्हणाला,
'मंजे त्यो माना एकट्यालाच सांगितलान.'

आता बँड येईल, हार येईल, शिडी येईल.
पाय मी शेवटी धुते, हातानं.
बाप गेल्यापासून दरवर्षी, श्रावण लागायच्या आधी,
मी घरी निनाव करते.
बेसन, कणीक, नारळाचं दूध, सगळं त्याला पाठ होतं.
गुळापाशी आला आणि साहेब बेशुद्ध पडला.
म्हणून गूळ मी अंदाजानं घालते.