नेम

बोर गावात तांब्याची खाण, भट्टीचा पिवळट धूर,
आणि शाळेच्या तळघरात पंचवीस मीटर लांब एक खोली.
ल्युबिंका बेकरीतून थेट तिथंच येते,
भुवईवर पीठ तसंच.

पहिले तीन महिने गोळीच नाही.
वाळू भरलेली बाटली, हात लांब, समोर भिंतीतला खिळा.
एक मिनिट. मग सव्वा.
मग खांदा शिव्या देईपर्यंत.
दात घासायचे एका पायावर उभं राहून.
टेकडीवरच्या चर्चपर्यंत धावत चढायचं
आणि मनगटावर दोन बोटं ठेवून मोजायचं
काळीज किती वेळात खाली उतरतं.

"पिस्तूल हातानं नाही धरत," मिलिसाव म्हणतो,
"टाचांनी धरतात."
चाळीस वर्षं बस चालवली त्यानं.
आता उजवा हात आपल्याच मनानं थरथरतो,
कॉफीचा कप तो डाव्यानं उचलतो.

तिची मनगटं कणीक तिंबून दणकट.
तेच नडतं. ती आवळते,
गोळ्या खाली डावीकडे गोळा होतात.
"ओळखीच्या माणसाशी हात मिळवतेस तसं धर.
ज्याच्यावर राग नाही, आणि जीवही नाही."

थरथर कधी जाईल, ती विचारते.
तो उजवा हात टेबलावर ठेवतो. बशी किणकिणत राहते.
"जात नाही. तिला घरातलीच म्हणायचं.
ती हलत असतानाच चाप मागे घ्यायचा,
इतका सावकाश
की बार झाल्यावर तुलाच नवल वाटावं."

एकदा पाठ करून त्यानं स्वतः मॅगझिन भरलं.
एक. दोन. तीन.
चौथ्याला नुसतं टिक्.
ना आवाज, ना धक्का,
आणि नळी मात्र दोन बोटं खाली गेली,
न झालेल्या बाराला भिऊन.
ती त्या फुसक्या काडतुसाकडे बघत राहिली
घरच्याच कुणी चुगली केल्यासारखी.

त्यानंतर रोज दोनशे टिक्.
रिकामं पिस्तूल, पांढरी भिंत, नळीवर एक दिनारचं नाणं.
नाणं पडतं.
वाकून उचलायचं. "हाही व्यायामच," मिलिसाव म्हणतो.
नेम चुकू नये म्हणून ती नेम चुकवत नाही;
चुकवला एकदाच, धाकटीला गोवर आला त्या आठवड्यात,
तेव्हाही उशाशी बसून
पाण्याचा तांब्या हात लांब करून धरला होता म्हणे.

मार्चमध्ये पुन्हा त्यानं पाठ केली.
कुठंतरी एक फुसकं आहे, एवढं तिला ठाऊक.
एक. दोन.
टिक्.
माशी जागची हलली नाही.
बेकरीच्या काचेवर हिवाळ्यात बसून राहते
तशी नुसती बसून राहिली.

कागदावर किती लागले, कुणी पाहिलंच नाही.
तिनं ते काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं,
उजव्या.
ते थरथरलं, निसटलं, गडगडत बाकाखाली गेलं.
ती पुढं झाली, मग थांबली.
तो एक गुडघा टेकून खाली वाकला.
"हाही," तो म्हणाला,
आणि बाकाखाली चाचपत राहिला.