शेऱ्यासाठी दोन ओळी

गालजीबागच्या सुरूंमागे निळ्या चौकटींचं घर.
विकायला काढलंय. घेणारे नाशिकचे, बागूल पतिपत्नी,
फोनमधून बघतायत.
बँक म्हणते विमा हवा, विमा म्हणतो तपासणी हवी,
म्हणून मी. टॉर्च, टेप, ओल मोजायचं यंत्र
आणि अकरा पानांचा फॉर्म,
समुद्र नसलेल्या कुठल्याशा गावात बसून लिहिलेला.

मिनिन रिबेलो दार उघडतात. एकतीस वर्षं तारवटी.
काळी कॉफी देतात आणि मग माझ्या मागे मागे, गप्प,
डॉक्टरच्या मागे आजाऱ्याचा भाऊ चालतो तसे.

कौलं मंगलोरी. वासे फणसाचे, दोन बदललेले.
खिडक्यांना झडपा आहेत का? आहेत.
सगळ्या लागतात का? एक नाही.
"तिला मी खुर्ची लावतो," ते म्हणाले.
खुर्ची असा पर्याय फॉर्मात नाही.

भिंतींना नवा रंग. अजून नाकाला झोंबणारा.
यंत्र टेकवलं, दीड फुटावर किणकिणलं.
शेजारच्या खोलीत, दीड फुटावर.
स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मागे, दीड फुटावर.
रंगाखाली पाणी अजून उभं होतं,
एका रेषेत, शिस्तीत.

मी काही विचारलं नाही. तेच बोलले:
"तौक्ते. पहाटे आत आलं, दुपारपर्यंत हललं नाही.
रंग गेल्या आठवड्यात दिला. दलाल म्हणाला, दे."
मग कपातला गाळ खिडकीबाहेर फेकून,
"लिही गो बाय.
फट मारायला जमलं असतं तर मीच दलाल झालो नसतो?"

फोनमधून बागूल: "दीड फूट म्हणजे साधारण किती हो, मॅडम?"
मी कॅमेरा खाली नेला,
स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. इथवर.
तिकडे कुणी बोललं नाही.
नाशिकमध्ये कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.

प्रश्न सत्तावीस. छप्पर भिंतीला कशाने जखडले आहे?
अ, लोखंडी पट्ट्या. ब, बोल्ट. क, खिळे. ड, काहीच नाही.
शिडीवर चढून टॉर्च फिरवला.
दर वाशाला निळा दोर, बोटीवरचा, अंगठ्याएवढा जाड,
खाली भिंतीतल्या कड्यांत ओवलेला.
मोजल्या. अठरा गाठी, सगळ्या एका हाताच्या.

"बाजूच्या शाळेचे पत्रे नदीत मिळाले," खालून आवाज आला.
"माझी सात कौलं गेली. सातच.
पण दर मे महिन्यात ओढून घ्यावे लागतात. दोर सैल पडतात.
दोन दिवसांचं काम. गाठ तशी सोपी."

सोपी गाठ त्यांनी करून दाखवली. मला आली नाही.
पुन्हा दाखवली. फोन वर धरला तेव्हा
मिसेस बागूल पहिल्यांदाच बोलल्या,
"एकदा हळू करा ना, काका. मी लिहून घेते."
गाठ लिहून घेते म्हणाल्या.
कुणी हसलं नाही.

एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव बदलेल,
वीजबिलावर, पाणीबिलावर, घरपट्टीवर बदलेल.
मे महिन्यातले ते दोन दिवस
कुठल्या खरेदीखतात चढवायचे?

'ड' वर खूण केली. नियमच आहे, दोर धरत नाहीत.
हप्ता दीडपट होणार. मग भाव उतरणार.
त्यांनाही ते कळलं असावं,
मी खाली येईस्तोवर
त्यांनी शिडी घट्ट धरून ठेवली होती.

शेऱ्यासाठी फॉर्ममध्ये दोन ओळी असतात.
लिहिलं, "छप्पर शाबूत. गाठी उत्तम."
दुसरी ओळ, "बांधणारे" इथपर्यंत लिहून
खोडली.

निघताना त्यांनी हातभर दोर दिला, सरावाला.
करमळ घाटात ट्रक आडवा झालेला, पाऊण तास.
स्टिअरिंगला गाठी मारत बसले.
चौथी नीट बसलीशी वाटली.
ओढून पाहिली.
सुटली.