भरल्या पोटाचं अक्षर

दर जानेवारीत आई टाइपरायटर घेऊन
पोलीस ठाण्यात जायची.
बर्फावरच्या घसरगाडीत यंत्र, वर माझी बाळपणची दुलई,
तापानं फणफणलेलं मूल दवाखान्यात न्यावं तशी.
सिबिउच्या छपरांना डोळ्यांसारख्या खिडक्या आहेत,
पर्यटक आता त्यांचे फोटो काढतात.
तेव्हा त्यांच्यामागे कांदे वाळत असायचे.
बघणारे खाली रस्त्यावर असत,
आणि त्यांनाही थंडी वाजायची.

ठाण्यात ठरलेला उतारा टाइप करायचा,
सगळी अक्षरं, सगळे आकडे.
कागद फाइलीत जायचा: यंत्राच्या बोटांचे ठसे.
उद्या कुणाच्या पत्रपेटीत एखादं वाक्य उगवलंच
तर ते कुठल्या स्वयंपाकघरातून निघालं, कळायला हवं.

आई काय टाइप करायची?
स्वेटरचे नमुने. दोन सुलट, एक उलट.
शेजारच्या पराश्किवाबाईंचे पेन्शनचे अर्ज.
आलुबुखारच्या मुरंब्याची कृती,
साखर मिळाली तर.

आमच्या लिपीत ‘अ’ला गोल पोट असतं.
आईच्या यंत्रात ते शाईनं बुजलेलं.
त्या वर्षांत आमच्या घरात
भरलेलं पोट तेवढं एकच.

एकदा तिनं ते टाचणीनं कोरून साफ केलं.
सणाची आवराआवर, दुसरं काही नाही.
कॅप्टन द्रागोमिरनं जुना आणि नवा कागद
खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले.
“बाई, यंदा तुमचा अ स्वच्छ आहे,”
चहात साखर कमी आहे म्हणावं, तसं.
मग, “का?”

त्या रात्री मेण, काजळी, जुन्या फितीचा चुरा घेऊन
आई अ परत बुजवत बसली.
काय करतेस, मी विचारलं.
म्हणाली, पहिल्यासारखी होतेय.

मागच्या वर्षी मी तिची फाइल वाचली.
चारशे बारा पानं, बाकावर माझ्यासारखेच इतर,
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
स्वेटरच्या नमुन्यावर शेरा: सांकेतिक मजकूर, संशय.
दोन पानांनंतर टिपण,
कुणीतरी तो खरंच विणून पाहिलेला.
“अर्थ लागत नाही. बाही आखूड येते.”

खरंय. आखूडच यायची.
ती थंडी माझ्या मनगटांना आठवते.
आई गेल्यावर हे माहीत असलेलं
जगात दुसरं कुणी उरलं असेल
असं मला वाटलं नव्हतं.

मला आता कोणी ठाण्यात बोलावत नाही.
फोन तोंड बघून उघडतो.
कुठल्या नावापाशी माझा अंगठा थबकतो
ते कुठेतरी, कुणाकडेतरी साठत असणार.
अर्धा शब्द लिहिला की उरलेला तो सुचवतो,
आणि तोच माझ्या मनात असतो,
किंवा त्यानं सुचवल्यावर असतो.
मुलगा म्हणतो, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?
दोन सुलट, एक उलट.
हे त्याला कसं सांगणार.

परवा यंत्र पोटमाळ्यावरून खाली आणलं.
फीत पार वाळलेली, तरी कळ दाबली की हातोडी उठते,
कागदावर नुसता खळगा पडतो.
अ च्या पोटात काजळी अजून तशीच,
आईनं हातानं भरलेली.
टाचणी घेऊन बसले.
काढावी, की हेच तिचं अक्षर?

बराच वेळ गेला.
मग उठले, आणि आधी
फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आले.