आखाजीला दिलेली हूल

आखाजीच्या दुपारी यावलला
पत्ते खेळणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही.
आमरसानं जड झालेले आम्ही पाच जण
फिरकेच्या केळीच्या गोदामात,
दाराला ओलं गोणपाट, मधे पालथा क्रेट.
बूट दोन रुपये, चाल वीसच्या वर नाही,
हे फिरकेनं स्वतः खडूनं भिंतीवर लिहिलेलं,
गाड्यांच्या नंबरांशेजारी.

मी काट्यावरचा माणूस. वजनं लिहितो.
दोन तास नुसता पॅक करत बसलो.
पान उचलायचं, बघायचं, पालथं टाकायचं.
एकदाच गुलामांची जोडी आली,
ती जिंकल्यावर उघडी ठेवली जरा जास्तच वेळ,
सगळ्यांनी नीट पाहावी म्हणून.
मनात म्हटलं, पेरणी चाललीय.
पुंडलिक उगाच चाल करत नाही
हे एकदा यांच्या डोक्यात रुजलं
की मग एकाच डावात कापणी.

साडेचारच्या सुमाराला आली
बदामची दुर्री, किलवरची सत्ती, इस्पिकची नव्वी.
इतकी टाकाऊ पानं
की मला ती जवळजवळ आवडलीच.
मी वीस टाकले. आवाज न करता, हळूच,
खरी पानं असलेला माणूस टाकतो तसे.

वासुदेव पॅक. झोपे मास्तर पॅक.
फिरकेनं चष्मा काढला, पुसला,
माझ्याकडे बघितलं, पॅक.
(नंतर कळलं, त्याच्याकडे दश्श्यांची जोडी होती.
तेवढा एक क्षण मी श्रीमंत होतो.)

राहिला दिलदार तडवी.
तो दुपारभर बाहेर गाडी भरत होता,
ह्याच डावाला हात धुऊन बसलेला.
माझे दोन तास त्यानं पाहिलेच नव्हते.
माझी गुलामांची जोडी त्याच्या गावीही नव्हती.
त्यानं वीस टाकले.
मी वीस.
त्यानं कानातला केळीचा चीक खाजवत वीस.
थांबलो तर उघडा, चाललो तरी उघडाच,
म्हणून मी चाललो. आणखी एकदा. आणखी एकदा.
शेवटी तो हसून म्हणाला,
"पाहू दे भो, आहे तरी काय तुह्याकडे?"
आणि शोचे वीस ठेवून
त्यानं तिर्रींची जोडी टाकली.
तिर्रींची.

ब्याऐंशी रुपये.
हसले सगळे, मास्तरांना तर ठसका लागला.
फिरके एक शब्द बोलला नाही,
त्यानं फक्त स्वतःच्या दश्श्या पुन्हा उलटून पाहिल्या.

मी पाटीवर लिहीत बसलो होतो
आणि वाचणारा अजून शाळेत आलाच नव्हता.
शिवाय वीस रुपयांना कोण भितं?
वीस रुपयांत माणूस कुतूहल विकत घेतो.

अकरा वर्षं मी काट्यावर बघतोय,
दलाल फोन कानाला लावून म्हणतो,
"दिल्लीत आज माल फार उतरलाय,"
तेव्हा घड कापून बांधावर पडलेले असतात.
आदल्या दिवशी, झाडावर असताना,
तो दिल्लीचं नावही काढत नाही.
समोरच्याकडे सडण्यासारखं काही असावं लागतं
हूल लागायला.
हे मी रोज वजनासकट लिहून घेत होतो
आणि माझ्याच हातातून ते निसटलं.
दिलदारकडे काय होतं सडण्यासारखं?
नुकतंच हातात पडलेलं हमालीचं पाकीट
आणि घरी जायची थोडीशी घाई.

घरी आलो तेव्हा पोरी निंबावरच्या झोक्यावर होत्या,
त्यांचं गाणं दर झोक्याला जवळ येई, लांब जाई.
शकुंतला मोरीत खापर घासत होती.
"जिंकले का हरले?"
"सारखंसारखं," मी म्हणालो,
हळूच, आवाज न करता.

तिनं मान वर करून पाहिलं.
आधी मला, मग सदऱ्याच्या खिशाला.
मग पुन्हा राख घेतली, पुन्हा घासायला लागली.
पॅक नाही. शोही नाही.
मी अजून तिथंच उभा आहे.