त्यांचं अक्षर

बावीस वर्षं मी डॉक्टर मायए यांचं अक्षर वाचलं.
औषधवाला क्लोव्हिस फोनवर विचारायचा,
"ओडेट, हे औषध आहे
की शाईत पडलेली मुंगी चालत गेलीय?"
मी सांगायची : लोहाच्या गोळ्या. दोनदा. जेवणानंतर.

नदीच्या वळणावर, कागदगिरणीच्या आंबूस वासात
आमचा दवाखाना.
जानेवारीत बर्फ दाराच्या कडीपर्यंत चढायचा,
आणि ते स्नोमोबाइलवरून बाळंतपणाला जायचे.
परत येताना बॅगेत स्टेथोस्कोपशेजारी
कुणीतरी दिलेला मूसच्या मांसाचा तुकडा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांची वेगळी वही होती.
ती कुठे आहे, मला विचारू नका.

निवडणुकीला उभा राहतोय, हे त्यांनी मला
एका पोराच्या कानात बघता बघता सांगितलं,
उद्या जरा उशीर होईल म्हणावं, तसं.
प्रचारात भाषणं कमीच. हात हातात घेत
आणि अंगठा आपोआप नाडीवर जाई.
म्हातारी ल्युसिएन म्हणाली, "मत देते,
पण माझ्या गुडघ्याचं काय?"

पाच वर्षांनी ते प्रांताचे प्रीमियर झाले.
टीव्हीवर टाय सरळ होता.
म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बांधला होता.

मग राजधानीतून कागद आला, टाइप केलेला :
आमच्या इस्पितळातला तातडीचा विभाग
रात्री अकरा ते सकाळी सात बंद.
नर्स नाहीत.
खरंय. माझीच भाची मॉन्ट्रियलला गेली,
बसपर्यंत तिची पेटी मीच ओढली.
खाली त्यांची सही.

जानेवारीत रेझां साव्वाच्या छातीत रात्री दोनला कळ आली.
नव्वद किलोमीटर, समोर नुसता पांढरा वारा.
तो वाचला. आधीच सांगते,
नाहीतर तुम्ही त्याला इथे मारून टाकाल.
पण त्याची बायको आता रात्री बूट घालून झोपते.

परवा रविवारी ते आले. एकटेच.
पेशंटच्या खुर्चीत बसले,
जिचा एक पाय आखूड आहे हे त्यांना कधीच माहीत नव्हतं.
"लोक काय म्हणतात?"
मी म्हटलं, "म्हणतात, हल्ली तुमचं लिहिलेलं
सगळ्यांना वाचता येतं."

बराच वेळ हीटर तेवढा बोलत राहिला.
मग त्यांनी बाही वर केली.
एकशे अडुसष्ट, एकशे दोन.
लिहायला फाइल शोधली, तर त्यांची फाइलच नव्हती.
बावीस वर्षांत काढलीच नव्हती आम्ही.

जाताना सवयीने पॅड ओढलं,
काहीतरी खरडलं, फाडून माझ्यासमोर ठेवलं.
तीन शब्द.
दिव्याखाली धरले, उलटे धरले.
पहिला बहुतेक 'रात्र'.
दुसरा 'माफी', नाहीतर 'मार्च'.
तिसरा मुंगीच.

क्लोव्हिसला दाखवलेली नाही चिठ्ठी.
मार्चला अजून नऊ दिवस आहेत.