कूलर

शनिवारी चार वाजता, बजाजनगरात,
वाचनालयाच्या माडीवर आम्ही आठ-नऊ जण गोल बसतो.
प्लास्टिकच्या खुर्च्या. एक जास्तीची,
कोणी नवीन आलं तर.
येतंच कोणीतरी.

हे माझ्यासोबत येतात. बसत नाहीत.
मे महिन्यात पहिल्यांदा आलो तेव्हा कूलर खडखडत होता,
यांनी पिशवीतून पाना काढला,
म्हणाले, तुमचं चालू द्या.
मग दर शनिवारी तेच.
ताट्या बदलल्या, पंप उघडला, बसवला, परत उघडला.
इतवारीत तीस वर्षं मोटारी भरल्या या माणसानं,
एवढ्याशा कूलरला एवढा वेळ लागत नाही
हे मला कळतं.

पण त्या घरघरीत बोलायला बरं जायचं.
परातेबाई दर वेळी विचारायच्या,
कायले गेली असंन पोरगी?
आणि अर्धा प्रश्न वाऱ्यातच उडून जायचा.
अन्सारी चाचांना ओरडून सांगावं लागलं,
लोकांना मी अटॅक सांगतो!
मी म्हटलं, आम्हीपण.
झाडेसरांनी हळूच हात वर केला.
एवढे अटॅक एका खोलीत.
हसलो की आम्ही, तोंडाला पदर, रुमाल लावून.
मीनलताईंनी हसू दिलं. वहीत काही लिहिलं नाही.

दिवाळीनंतर गारठा पडला.
कोणीतरी कूलरवर जुनी चादर घालून ठेवली.
हे दारात उभे, हातात पिशवी.
खाली पेपरचं पान उलटलं तरी वर ऐकू येत होतं.
मग बसले. जास्तीच्या खुर्चीवर.

बराच वेळ गुडघे चोळत होते.
म्हणाले, सुबोध स्क्रू तोंडात धरायचा.
मी रागवायचो, गिळशील बे.
अजून दुकानात हात मागे जातो माझा,
स्क्रू दे म्हणून.

एकवीस महिन्यांनी यांच्या तोंडून त्याचं नाव.
मी यांच्याकडे पाहिलं नाही,
पाहिलं असतं तर थांबले असते.
फरशीवरच्या एका तड्याकडे बघत राहिले,
तो भिंतीपाशी जाऊन दोन होतो.

चाचांनी खुर्ची पुढे ओढली.
फिर?

साडेपाचला शिपाई किल्ल्या वाजवत वर आला.
हे अजून दुकानाच्या शटरपाशीच होते,
ते कसं अडकायचं,
आणि दोघं मिळून कसं उचलायचे.